घरच्या नॅसचा बॅकअप: एक्स्टर्नल डिस्क कायम जोडून ठेवावी का?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. सांगलीत तळमजल्यावरच्या घरी सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरातल्या सर्वांना नेटवर्कवरून वापरता येणारे साठवणीचे यंत्र, आहे. त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ पद्धतीने लावल्या आहेत, म्हणजे एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. आजवर सुमारे २.६ टीबी साठले आहे. त्यात घरातल्या सर्वांच्या मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ, वडिलांच्या घरगुती मैफलींच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले ऐंशी-नव्वद तासांचे ध्वनिमुद्रण, सातबारा, खरेदीखते व आयकराच्या कागदांचे स्कॅन आहेत आणि उरलेली मोठी जागा चित्रपटांनी व्यापली आहे. तुम्ही ५ टीबीची पोर्टेबल डिस्क घेतली असून ती नॅसच्या यूएसबी पोर्टला कायम जोडून ठेवावी आणि रोज रात्री बॅकअप आपोआप व्हावा, असा तुमचा बेत आहे. रेड असताना एवढे पुरे आहे का, साधी कॉपी बरी की हायपर बॅकअप हा सिनॉलॉजीचा बॅकअपचा प्रोग्रॅम, आणि घरात पडून असलेल्या जुन्या १ टीबीच्या डिस्कचा काही उपयोग होईल का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

लहान कार्यालये, फोटो स्टुडिओ आणि काही घरे यांची साठवण सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो आणि मग प्रश्नांकडे वळतो. बॅकअपची आखणी बहुतेक जण कॉपी करण्याच्या बाजूने करतात: कोणते सॉफ्टवेअर, किती वाजता, किती वेगाने. मी ती उलट्या बाजूने करतो. काहीतरी गेलेले आहे, घरात गडबड आहे, नॅस कदाचित सुरूच होत नाही आणि हातात ही एक डिस्क आहे, असा दिवस समोर ठेवायचा आणि त्या दिवशी कोणती फाइल, कोणत्या यंत्रावर, किती वेळात उघडता आली पाहिजे, ते ठरवायचे. हे एकदा ठरले की सॉफ्टवेअर, फॉरमॅट आणि वेळापत्रक यांची उत्तरे बव्हंशी आपोआप मिळतात.

तो दिवस उजाडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. पहिले कारण म्हणजे नॅसमधली एक डिस्क बिघडणे. त्यावर रेड १ हा उत्तम उपाय आहे. बिघडलेली डिस्क बदलायची, नवी आपोआप भरली जाते आणि तोवर काम चालू राहते. दुसरे कारण माणसाच्या हातून होणारे. कोणीतरी फोल्डर पुसतो, एका फाइलवर दुसरी फाइल त्याच नावाने बसते, मोबाइलमधले फोटो काढून टाकताना नॅसवरचेही जातात. इथे रेडचा काहीच उपयोग नाही, कारण पुसण्याची आज्ञा दोन्ही डिस्कवर तितक्याच तत्परतेने पाळली जाते. तिसरे कारण खंडणीखोर सॉफ्टवेअरचे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सिनोलॉकरने सिनॉलॉजीच्या, २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकरने आणि २०२२ च्या जानेवारीपासून डेडबोल्टने क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या नॅसवरच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. त्या हल्ल्यांत घरगुती वापरकर्तेही भरडले गेले. चौथे कारण म्हणजे नॅससकट सगळेच जाणे: चोरी, आग, विजेचा जबरदस्त झटका किंवा पूर. तुम्ही सांगलीत तळमजल्यावर राहता, तेव्हा २०१९ च्या ऑगस्टबद्दल मी वेगळे सांगायला नको.

आता तुमचा बेत या चार कारणांपुढे ठेवून पाहू. कायम जोडलेली डिस्क दुसऱ्या कारणावर चांगले काम करते. काल पुसलेली फाइल आज परत मिळते. तिसऱ्या कारणावर तिचा भरवसा धरता येत नाही, कारण नॅसचा ताबा ज्याच्याकडे गेला त्याला यूएसबीची डिस्क हे आणखी एक फोल्डरच असते. चौथ्यावर ती पूर्ण निरुपयोगी आहे, कारण ती नॅसपासून एक वीत अंतरावर, त्याच टेबलावर, त्याच विजेच्या बोर्डाच्या आसपास असते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: बेत वाईट नाही, पण अर्धा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरी तशीच डिस्क घ्या आणि दोन्ही आळीपाळीने वापरा. एक घरी, दुसरी घराबाहेर. तुमची बहीण विट्याला असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणे-जाणे होते, असे तुम्ही लिहिले आहे. याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. बँकेच्या लॉकरमध्येही अडीच इंची डिस्क सहज मावते, पण बँकेची वेळ गाठून डिस्क बदलायला जाण्याचा उत्साह पहिल्या काही महिन्यांत ओसरतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसऱ्या डिस्कचा खर्च आजच करायचा नसेल तर निदान एवढे करा की बॅकअप संपला की डिस्क आपोआप इजेक्ट होईल, म्हणजे नॅस तिच्याशी संबंध तोडेल. हायपर बॅकअपमध्ये काम यशस्वी झाल्यावर बाहेरची डिस्क काढून घेण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग रोजऐवजी आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी, डिस्क लावायची, बॅकअप होऊ द्यायचा आणि डिस्कवरचा दिवा शांत झाला की केबल काढून ती वरच्या मजल्यावर किंवा निदान माळ्यावर ठेवायची. नुसती इजेक्ट झालेली पण केबलने जोडलेलीच राहिलेली डिस्क खंडणीखोरापासून बरीचशी सुरक्षित असते, विजेच्या झटक्यापासून मात्र नाही. यावर हमखास विचारले जाते की आठवड्यातून एकदा घेतला तर मधल्या सहा दिवसांचे काय. घरच्या नॅसवर सहा दिवसांत काय भर पडते ते पाहा. काही फोटो, एखादे बिल, आणि त्यातले बरेचसे मोबाइलमध्येही अजून असतेच. पुसलेल्या फाइलींसाठी नॅसवर रीसायकल बिन चालू ठेवा. तुमच्या मॉडेलवर बीटीआरएफएस फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) असेल तर स्नॅपशॉटही, म्हणजे ठरावीक वेळेच्या स्थितीची नोंदही, लावा, ते जागा फार खात नाहीत आणि काल दुपारची स्थिती क्षणात परत आणता येते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात, म्हणून त्यांना बॅकअपमध्ये धरायचे नाही. परंतु त्यांच्यामुळे यूएसबीच्या डिस्कवर रोजचा भार टाकण्याची गरज उरत नाही.

यानंतर बॅकअपमध्ये काय घ्यायचे, हा प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सिनॉलॉजीवर फोटो दोन ठिकाणी असू शकतात. सर्वांसाठी सामाईक असलेले 'फोटो' नावाचे शेअर्ड फोल्डर असते, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवरून सिनॉलॉजी फोटोज ॲपने आपोआप चढणारे फोटो त्या-त्या व्यक्तीच्या 'होम' फोल्डरच्या आत असलेल्या 'फोटोज'मध्ये जातात. बॅकअपचे काम तयार करताना यादीत 'फोटो' हे नाव दिसते, माणूस त्यावर खूण करतो आणि निश्चिंत होतो. 'होम्स' वर खूण करायची राहते, कारण त्या नावात फोटोंचा उल्लेखच नाही. परिणाम असा की वर्षानुवर्षे बॅकअप बिनचूक चालतो आणि त्यात घरातल्या कोणाच्याही मोबाइलमधला एकही फोटो नसतो. तुमच्या कामाची यादी आजच उघडा आणि 'होम्स' त्यात आहे का पाहा. नॅस आणि डिस्कवरच्या एकूण आकारांची तुलना केली तरी ही चूक लगेच उघडी पडते.

चित्रपट वगळा, असे मी सुचवीन. ते परत मिळवता येतात, आणि त्यांनी जागा अडवली की जुन्या आवृत्त्या ठेवायला डिस्कवर जागा उरत नाही. वडिलांच्या ध्वनिमुद्रणाला मात्र सर्वांत वरचे स्थान द्या. सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला साधारण ६३५ एमबी होते, म्हणजे नव्वद तासांचे ५७ जीबीच्या आसपास. आजच्या हिशेबाने ते किरकोळ आहे आणि त्याची तिसरी-चौथी प्रत ठेवायलाही काही अडचण नाही. मूळ कॅसेट बुरशी लागून किंवा फीत चिकटून जात असतात, त्यामुळे आता नॅसवरची प्रत हीच खरी मूळ प्रत आहे असे समजून वागा.

आणखी दोन बारीक गोष्टी. फोटोंतल्या चेहऱ्यांना तुम्ही दिलेली नावे आणि बनवलेले अल्बम फोटोच्या फाइलीत नसतात, ते ॲपच्या डेटाबेसमध्ये असतात. ते हवे असतील तर हायपर बॅकअपमध्ये त्या ॲप्लिकेशनवरही खूण करावी लागते. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर प्रत अर्धवट निघू शकते, म्हणून हे काम ॲपच्याच सोयीने करावे. दुसरी गोष्ट, कंट्रोल पॅनेलमधून नॅसच्या मांडणीची, म्हणजे वापरकर्ते, परवानग्या वगैरेंची, एक छोटी फाइल उतरवून घेता येते. ती घेऊन डिस्कवर टाका. नवा नॅस उभा करावा लागला तर एक संध्याकाळ वाचते.

आता साधी कॉपी की हायपर बॅकअप. साध्या कॉपीचा गुण असा की डिस्क कोणत्याही संगणकाला लावली की फोल्डर जसेच्या तसे दिसतात. घरातल्या कोणालाही, काही न शिकता, फोटो उघडता येतो. तिचा दोष असा की ती शेवटची स्थिती तेवढी धरून ठेवते. नॅसवर फाइल बिघडली, ते कोणाच्या लक्षात आले नाही, रविवारी बॅकअप झाला, की डिस्कवरची चांगली प्रत बिघडलेल्या प्रतीने झाकली जाते. पुसलेल्या फाइली डिस्कवरूनही पुसण्याचा पर्याय चालू असेल तर आणखीच वाईट. आणि तो बंद ठेवला तर नॅसवर नाव बदललेले प्रत्येक फोल्डर डिस्कवर दोनदा साठत जाते. हायपर बॅकअपची आवृत्त्या ठेवणारी पद्धत हा दोष दूर करते. पहिल्यांदा सगळे घेते, नंतर फक्त बदललेला भाग घेते आणि गेल्या महिन्यातली किंवा सहा महिन्यांपूर्वीची फाइल त्या-त्या तारखेला जाऊन उचलता येते. त्याच्या बदल्यात डिस्कवर जे दिसते ते तुमचे फोल्डर नसून एक बंद पेटी असते, आणि ती उघडायला नॅस किंवा हायपर बॅकअप एक्स्प्लोरर हा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी मिळतो; त्याची प्रत त्याच डिस्कवर आधीच टाकून ठेवणे शहाणपणाचे.

मी स्वतः घरांसाठी दोन्ही पद्धती एकत्र वापरतो आणि तुम्हालाही तेच सुचवतो. चित्रपट सोडून सगळ्या डेटाचा बॅकअप आवृत्त्यांसह हायपर बॅकअपने घ्यावा. ध्वनिमुद्रण, कागदपत्रे आणि निवडक फोटो यांची मात्र त्याच डिस्कवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये साधी, उघडी प्रत असावी. हायपर बॅकअपमध्येच एकाच आवृत्तीची, फोल्डर जसेच्या तसे ठेवणारी पद्धत आहे, तिने हे होते. ज्यांना लिनक्सची सवय आहे ते हेच काम आरसिंकने करतात. १९९६ पासूनचे हे साधन अजून माझ्या रोजच्या वापरात आहे, पण ज्या घरात ते समजणारा एकच माणूस आहे तिथे मी ते लावत नाही. तो माणूस गावाला गेला की बॅकअप परत मिळवणार कोण? इतरांच्या आवाक्यातले साधन थोडे कमी ताकदीचे असले तरी मला चालते.

डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावरची फाइल सिस्टिम, याच विचारातून ठरतो. ईएक्सटी४ हा नॅसच्या स्वभावाला सर्वांत जवळचा आणि भरवशाचा आहे, पण विंडोजच्या संगणकाला ती डिस्क लावली की 'फॉरमॅट करायची का' असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि घाबरलेला माणूस त्याला 'हो' म्हणू शकतो. एनटीएफएस विंडोजला थेट वाचता येतो, आणि सिनॉलॉजीचा नॅस त्यावर लिहूही शकतो. एक्सफॅट सगळीकडे वाचला जातो, मात्र त्यात जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची आधी ठेवलेली नोंद, नसते, म्हणून लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडण्याची भीती अधिक. पोर्टेबल डिस्क अनेकदा दुकानातून एक्सफॅटमध्येच येतात आणि लोक ती तशीच वापरायला घेतात. जुना फॅट३२ विचारातही घेऊ नका, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि तुमचे व्हिडिओ तिथेच अडतील. तुमच्या घरी सगळे विंडोजचे संगणक आहेत, तेव्हा मी एनटीएफएस निवडीन. घरात लिनक्स जाणणारा कोणी असता तर ईएक्सटी४ म्हटले असते. हे सर्वस्वी परिस्थितीवर आहे.

कोणत्या वाटेने कॉपी करायची, याचाही वेळेवर मोठा परिणाम होतो. काही जण नॅसवरची फाइल लॅपटॉपवर उघडतात आणि लॅपटॉपला लावलेल्या डिस्कवर ओढतात. त्यात डेटा वायफायवरून लॅपटॉपवर येतो आणि तिथून डिस्कवर जातो. सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी २.६ टीबीला पूर्ण एक दिवस लागतो आणि मध्ये लॅपटॉप झोपला की काम तुटते. डिस्क थेट नॅसच्या यूएसबी ३ पोर्टला लावली तर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने हेच काम सव्वासात तासांत होते. हा कागदावरचा हिशेब आहे. लाखभर लहान फाइली असतील तर वेळ बराच वाढतो. यूएसबी २ च्या पोर्टला चुकून लावली तर तेच काम वीस तासांवर जाते, म्हणून नॅसवर निळ्या रंगाचा किंवा यूएसबी ३ चे चिन्ह असलेला पोर्ट शोधा. तुमच्या डिस्कविषयी आणखी एक सूचना. ५ टीबीच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क सहसा एसएमआर प्रकारच्या असतात, म्हणजे त्यांच्यावर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिलेले असतात. सलग पुष्कळ लिहीत गेले की त्यांचा वेग मध्येच खूप खाली येतो. पहिल्या बॅकअपच्या वेळी असे झाले तर डिस्क बिघडली असे समजून केबल उपटू नका. रात्रभर, प्रसंगी दोन रात्री, चालू द्या. पुढचे बॅकअप थोड्याच वेळात होतात, त्यामुळे या कामाला एसएमआर चालते. नॅसच्या आत, रेडमध्ये, मी अशी डिस्क लावणार नाही.

केबलकडेही लक्ष द्या. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना अजूनही ती रुंद, मध्ये खाच असलेली मायक्रो-बी पिन असते. ती थोडी सैल झाली की डिस्क मध्येच गायब होते आणि पुन्हा येते, आणि नॅसच्या नोंदींत 'डिस्क नीट न काढल्याची' सूचना दिसते. अशी सूचना दोनदा दिसली की आधी केबल बदला, मग डिस्कवर संशय घ्या. अडीच इंची डिस्क पोर्टवरच्या विजेवर चालते, तिला वेगळा ॲडॉप्टर लागत नाही. साडेतीन इंचीला लागतो, आणि तो हरवला की डिस्क तेवढ्यापुरती निकामी होते. डिस्कबरोबर तिची केबल आणि ॲडॉप्टर एकाच पिशवीत ठेवण्याची सवय लावा. नॅसला यूपीएस लावला नसेल तर तो बॅकअपच्या आधीचा खर्च समजा. लहान यूपीएस यूएसबीने नॅसला जोडला की बॅटरी संपत आली असता नॅस स्वतःहून नीट बंद होतो, आणि लिहिता लिहिता वीज जाण्याचा प्रसंग टळतो.

विट्याला जाणारी डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, करावी का? कागदपत्रांत आधार, पॅन, खरेदीखते आहेत, प्रवासात डिस्क हरवू शकते, म्हणून हायपर बॅकअपच्या मुख्य कामाला एन्क्रिप्शन लावावे असे माझे मत आहे. ते काम तयार करतानाच निवडावे लागते. त्या वेळी एक किल्लीची फाइल उतरवायला मिळते आणि पासवर्ड ठरवावा लागतो. दोन्ही गेले तर तुमचा डेटा तुम्हालाच काय, सिनॉलॉजीलाही उघडता येणार नाही. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, दुसरी प्रत पत्नीकडे किंवा मुलीकडे द्या, आणि किल्लीची फाइल त्या डिस्कवर किंवा नॅसवर एवढ्याच ठिकाणी राहू देऊ नका; तुमच्या मेलमध्येही एक असू द्या. साध्या, उघड्या प्रतीत मात्र एन्क्रिप्शन नसते. मग विट्याच्या डिस्कवर त्या फोल्डरमध्ये ध्वनिमुद्रण आणि फोटो ठेवा आणि कागदपत्रे फक्त कुलूपबंद भागात असू द्या. घरी राहणाऱ्या डिस्कवर दोन्ही ठेवले तरी हरकत नाही.

इथवरचे थोडक्यात: रेड चालू राहू द्या; दोन डिस्क, त्यांतली एक नेहमी विट्याला; दोन्हींसाठी वेगवेगळी दोन कामे, कारण एकाच कामाच्या मागे डिस्क बदलत राहिली तर गोंधळ होतो; 'होम्स' आत, चित्रपट बाहेर; आवृत्त्यांसह मुख्य बॅकअप आणि मोजक्या गोष्टींची उघडी प्रत. आवृत्त्या किती ठेवायच्या याची चिंता करू नका, 'स्मार्ट रीसायकल' निवडले की अलीकडच्या आवृत्त्या दाट आणि जुन्या विरळ अशा आपोआप राखल्या जातात. चित्रपट वगळल्यावर तुमच्याकडे किती उरते ते मोजून डिस्क त्याच्या निदान दीडपट असल्याची खात्री करा. डिस्कवर ५ टीबी लिहिलेले असले तरी विंडोज ती ४.५४ इतकीच दाखवतो. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, डिस्क खोटी नाही.

बॅकअप झाला हे कशावरून? 'यशस्वी' असा हिरवा शब्द मी पुरेसा मानत नाही. पहिला बॅकअप झाला की त्याच आठवड्यात तपासणी करा आणि ती नॅसवर करू नका. डिस्क एखाद्या लॅपटॉपला लावा, हायपर बॅकअप एक्स्प्लोरर उघडा, पासवर्ड कागदावर पाहून टाइप करा, कारण कागदावर तो बरोबर उतरला आहे का तेही याच वेळी कळते. मग तीन-चार ठिकाणांहून काही फाइली बाहेर काढा: पत्नीच्या मोबाइलमधला एक जुना फोटो, एक लांब व्हिडिओ, एक खरेदीखत, एका मैफलीचे ध्वनिमुद्रण. फोटोचे लहानसे चित्र दिसले म्हणजे झाले असे नाही. तो पूर्ण आकारात उघडून मोठा करून पाहा, कारण अर्धवट कॉपी झालेला फोटो वरून नीट दिसतो आणि खालचा भाग राखाडी असतो. व्हिडिओ शेवटाकडे सरकवून चालवा. ध्वनिमुद्रणही सुरुवातीचे दोन आलाप ऐकून बंद करू नका, मधून कुठून तरी ऐका. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. मग दिवाळीच्या आणि पाडव्याच्या सुमारास, जेव्हा घर आवरले जातेच, तेव्हा पुन्हा करा. मध्यंतरीच्या काळात हायपर बॅकअपची बॅकअप पडताळून पाहण्याची सोय महिन्यातून एकदा चालवा, आणि काम अयशस्वी झाले तर मेल येईल अशी सूचना लावा. त्या मेलबरोबर 'अंशतः पूर्ण' असा शेरा आला तर दुर्लक्ष करू नका. नोंदी उघडल्या की कोणत्या फाइली सुटल्या त्यांची नावे मिळतात, आणि बहुधा परवानगीचा किंवा उघड्या राहिलेल्या फाइलीचा प्रश्न असतो.

पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात किंवा पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवून 'अ' किंवा 'ब', शेवटच्या बॅकअपची तारीख आणि 'फॉरमॅट करू नये' असे ठळक लिहा. हे बाळबोध वाटेल, पण घरात एकाच रंगाच्या तीन डिस्क झाल्या की कोणीतरी लग्नाचे व्हिडिओ न्यायला त्यांतली एक रिकामी करतोच. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क, घ्यावी का असेही तुम्ही जाता जाता विचारले होते. वर्षातले बहुतेक दिवस विजेविना पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मी एसएसडी निवडत नाही. या कामात तिच्या वेगाचा फायदा होत नाही, आणि त्याच पैशात दोन साध्या डिस्क येतात.

क्लाउडबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी एका ओळीत सांगतो: घरी १०० एमबीपीएसचे फायबर असेल तर ध्वनिमुद्रण आणि कागदपत्रे मिळून शंभरेक जीबी एका रात्रीत-दोन रात्रींत चढतात, आणि हायपर बॅकअपच ते कुलूप लावून चढवतो. भाडे परवडत असेल तर तेवढ्यापुरते जरूर करा. दोन डिस्कची आळीपाळी मात्र त्यामुळे बंद करू नका, कारण सगळे परत उतरवायची वेळ आली की डिस्क तासांत उत्तर देते आणि क्लाउडला दिवस लागतात.

राहिली जुनी १ टीबीची डिस्क. तिला मुख्य बॅकअपमध्ये घेऊ नका, तिचे वय आणि तिने सोसलेले धक्के आपल्याला माहीत नाहीत. आधी संगणकाला लावून स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या, नोंदी पाहा. तिथे पुन्हा वाटप केलेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयित तुकड्यांचा) आकडा शून्य नसेल तर ती भंगारात द्या, त्याआधी पूर्ण पुसून. शून्य असेल तर विंडोजमध्ये 'क्विक' ची खूण काढून संपूर्ण फॉरमॅट करा. त्यात डिस्कचा प्रत्येक भाग लिहून पाहिला जातो आणि १ टीबीला यूएसबी ३ वर तीन-चार तास लागतात. त्यातून ती पार पडली तर वडिलांच्या ध्वनिमुद्रणाची एक साधी, कुलूप नसलेली प्रत तीवर टाका आणि ती तुमच्या भावाकडे किंवा गाणे ऐकणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ऐकायला म्हणूनच देऊन टाका. ती चार वर्षांनी बंद पडली तरी काही अडत नाही, आणि चालली तर ५७ जीबीची आणखी एक प्रत तुमच्या घराबाहेर, कोणाच्या तरी वापरात राहील.